पिल्लाचे घराणे

सोयरीक जुळवताना गोत्र, आजोळ आणि घराणे यांची कसून चौकशी करणारी आपली मंडळी घरात कुत्र्याचे पिल्लू आणताना मात्र रंग, केस आणि किंमत एवढ्यावरच समाधान मानतात. कोल्हापुरातील सदनिकांत सहज सामावणाऱ्या, जेमतेम तीन किलो वजनाच्या यॉर्कशायर टेरिअरच्या बाबतीत ही घाई फार महाग पडते.

इचलकरंजीच्या मागांशी व्यवहार असणाऱ्या वाचकांना या जातीचे मूळ ऐकून कौतुक वाटेल. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधून कामाच्या शोधात यॉर्कशायर-लँकशायरमध्ये आलेल्या विणकरांच्या लहानग्या कुत्र्यांपासून ती घडली. गिरण्यांतील उंदीर मारणे हे तिचे काम. १८६५ मध्ये जन्मलेला हडर्सफील्ड बेन हा तिचा मूळ पुरुष मानला जातो. तो स्वतः निकटच्या नात्यातील संकरातून झालेला. सहाच वर्षे जगला, पण वंश मोठा ठेवून गेला. रूप टिकवण्यासाठी आप्तांतच जोड्या लावल्या, की गुणांबरोबर दोषही उतरतात.

त्यांतील सर्वांत फसवा दोष यकृताचा. आतड्यांतून निघालेले रक्त यकृतात शुद्ध होऊन पुढे जावे, ही निसर्गाची व्यवस्था. या जातीच्या काही पिल्लांत जन्मतःच एक जादा रक्तवाहिनी असते आणि पूर्वी जकातनाका चुकवून आडवाटेने माल जाई, तसे रक्त यकृत टाळून निघून जाते. अमोनियासारखी द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात. पिल्लू खुरटते, जेवणानंतर गुंगते, भिंतीला डोके टेकवून उभे राहते. घरच्यांना वाटते, स्वभावच शांत आहे! उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी पित्ताम्लांची रक्तचाचणी केल्यास संशय पक्का होतो; पुष्कळदा शस्त्रक्रियेने ती वाट बंद करता येते. नसबंदीसाठी भूल देण्यापूर्वीच ही चाचणी करून घेणे शहाणपणाचे. अशा रुग्णाला पशुवैद्य बहुधा दुग्धजन्य व वनस्पतिज प्रथिनांचा मोजका आहार सुचवतात. आपल्या घरांना ते सोयीचे; परंतु निदानाआधी स्वतःच पथ्य ठरवू नये. निरोगी वाढत्या पिल्लाची प्रथिने तोडणे हाही अपायच.

श्वासनलिका कमकुवत असल्याने हंसासारखा कर्कश खोकला येतो. गळपट्ट्याऐवजी छातीवरून बांधायचा हार्नेस वापरावा, वजन वाढू देऊ नये, उदबत्ती-धूपाच्या धुरापासून त्याला दूर ठेवावे. मागच्या गुडघ्याची वाटी सरकते, म्हणून सोफ्यावरून उड्या नकोत. इवल्या जबड्यात ४२ दातांची दाटी होते, दुधाचे दात अडून राहतात. दररोज ब्रश करावा, मात्र माणसांची टूथपेस्ट वर्ज्य. अगदी लहान पिल्लू उपाशी राहिले तर रक्तातील साखर उतरून कोसळते; त्याला दर तीन-चार तासांनी थोडे भरवावे.

आणखी एक. तासगावचे बेदाणे आपल्या घरी वाटीभर सहज समोर असतात. कुत्र्याच्या मूत्रपिंडांना ते घातक ठरू शकतात. लाडानेही देऊ नयेत.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानपैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. तेव्हा नोंदणीपत्र मागावे, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी, आईबापांच्या गुडघ्यांची व यकृताची तपासणी झाली आहे का हे विचारावे. उधारीवर माल देण्यापूर्वी आपण जितके प्रश्न विचारतो, तितके येथेही विचारावेत. विक्रेता टाळाटाळ करू लागला, तर बयाणा देऊ नये.