अंथरुणाला खिळलेले माजी सैनिक आणि १५ ऑगस्ट: सन्मान कसा करावा?

१५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला गावोगावी माजी सैनिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. १९७१ च्या युद्धात विशी-बाविशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्यांतले काही कर्करोगाच्या किंवा हृदयविकाराच्या शेवटच्या टप्प्यात आहेत. तुमच्या घरात असे आजोबा असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

असा आजार बरा होत नसला तरी त्रास कमी करता येतो. या उपचाराला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि त्यासाठीच्या संस्थेला हॉस्पिस. भारतातले पहिले हॉस्पिस, ‘शांती आवेदना सदन’, १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले. पण सिरोंचाहून नागपूरच ३०० किलोमीटरच्या पुढे आहे. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीत ही सेवा बहुधा घरच्यांनाच करावी लागते.

आधी वेदना विचारा. सहन करायची सवय लागलेला माणूस आपणहून दुखणे सांगेलच असे नाही. ‘० ते १० मध्ये किती दुखतं?’ असे रोज विचारा. तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या चालतात. २०१४ च्या कायदेदुरुस्तीने त्या मिळण्याचे नियम सोपे झाले. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्यास व्यसनाची भीती फार कमी असते. बद्धकोष्ठता मात्र होते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. गोळ्या एकदम बंद करू नका.

झेंडा त्यांच्याकडे न्या. त्यांना उन्हात मैदानावर बसवू नका. २००२ पासून आपल्याला घरी रोज तिरंगा फडकवता येतो. खिडकीतून दिसेल असा लावा. गोळीची वेळ पाहून कार्यक्रम ठेवा, पाहुणे मोजके आणि वेळ दहा मिनिटे. फोटोआधी त्यांची परवानगी घ्या. युद्धाच्या आठवणी सगळ्यांनाच नको असतात. ते बोलले तर ऐका.

कागदपत्रे हाताशी ठेवा. माजी सैनिकांची आरोग्य योजना, ईसीएचएस, २००३ पासून आहे आणि त्यात पत्नीलाही उपचार मिळतात. कार्ड चालू आहे का ते पाहा. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. पॅलिएटिव्ह केअरबद्दल जिल्हा रुग्णालयात विचारा.

अमेरिकेतल्या हॉस्पिसमध्ये २०१० पासून ‘वी ऑनर व्हेटरन्स’ उपक्रम चालतो. तिथे सत्कार होतो, पण त्याआधी रुग्णाला ‘तुम्ही सैन्यात होता का?’ असे विचारून त्याप्रमाणे काळजी आखतात. आपल्याकडे डॉक्टर हे विचारायला विसरतील, तेव्हा तुम्हीच सांगा.

शाल जरूर पांघरा. पण त्या रात्री त्यांना शांत झोप लागली का, हेही सकाळी विचारा.