संसाराला पगाराची अट

प्रति,
माननीय गृहमंत्री,
युनायटेड किंग्डम



ब्रिटिश नागरिकाने परदेशी व्यक्तीशी लग्न केले, तर जोडीदाराला इथे आणण्यासाठी वर्षाला किमान 29,000 पौंड कमाई दाखवावी लागते. एप्रिल 2024 पूर्वी हा आकडा 18,600 होता. आता एप्रिल 2025च्या किमान वेतनाचा, म्हणजे ताशी 12.21 पौंडांचा हिशेब मांडा. आठवड्याला साडेसदतीस तास वर्षभर राबले तरी करापूर्वी सुमारे 23,800 पौंड होतात. सरकारनेच ठरवलेल्या मजुरीवर पूर्णवेळ काम करणाऱ्याला सरकारच बजावते की, एवढ्यात तुझा संसार इथे होणार नाही.

कारण दिले जाते ते करदात्यावरच्या बोज्याचे. पण जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला सरकारी भत्ते घ्यायला मुळातच मनाई आहे. आरोग्यसेवेचा वर्षाला 1,035 पौंड अधिभारही अर्जासोबत आगाऊ वसूल होतो. बोजा पडू नये याची एवढी तजवीज आधीच असताना पगाराची इतकी उंच भिंत कशासाठी?

शिवाय परदेशातून अर्ज करताना पगार मोजला जातो तो फक्त इथल्या जोडीदाराचा. पुण्यातली संगणक अभियंता लंडनमधल्या आपल्या नवऱ्याकडे यायला निघाली, तर तिच्या आजच्या पगाराची किंवा इथे मिळू शकणाऱ्या नोकरीची किंमत शून्य. निव्वळ बचतीवर अट पुरी करायची म्हटले, तर 88,500 पौंड सहा महिने खात्यात हवेत. एवढी शिल्लक असलेली तरुण जोडपी किती?

सर्वाधिक कोंडी होते ती लहान मूल असलेल्या आईची. मूल सांभाळायला दुसरे कोणी नाही म्हणून ती अर्धवेळ काम करते. अर्धवेळ पगार अटीत बसत नाही म्हणून नवरा येऊ शकत नाही. आणि नवरा नाही म्हणून तिला पूर्णवेळ काम धरता येत नाही. आईबाप वेगवेगळ्या देशांत अडकलेल्या अशा मुलांची व्यथा इंग्लंडच्या बाल आयुक्तांसाठी झालेल्या अहवालाने 2015 मध्येच मांडली होती. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताकडे नियमांनी पुरेसे लक्ष दिले नाही, असेही सांगितले.

पुढे ही मर्यादा 38,700 पौंडांपर्यंत न्यायचा बेत होता. तो आकडा तेव्हा कुशल कामगारांच्या व्हिसाचा होता. कामगार निवडणे आणि कुटुंब एकत्र आणणे हे दोन वेगळे हेतू आहेत, हे स्थलांतर सल्लागार समितीने जून 2025च्या अहवालात स्पष्ट केले. जोडप्याचे भागण्यापुरतीच मर्यादा हवी असेल, तर समितीच्या मते 23,000 ते 25,000 पौंड पुरेत.

तेव्हा मागण्या तीनच. मर्यादा किमान वेतनावर पूर्णवेळ काम करणाऱ्याच्या आवाक्यात आणा. येणाऱ्या जोडीदाराच्या हाती इथल्या नोकरीचे पत्र असेल, तर तो पगार धरा. आईवडिलांची किंवा सासरची खात्रीची मदत आज केवळ अपवाद म्हणून विचारात घेतली जाते. ती नियम म्हणून घ्या.

लग्न खरे आहे का, हे जरूर तपासा. त्यासाठी कितीही कागद मागा. पण ते खरे ठरल्यावर नागरिकाच्या हक्काला पगारपत्रकाची अट नको. श्रीमंताला जोडीदार आणि गरिबाला व्हिडिओ कॉल, असा भेद करणारा नियम आपण बदलावा.

कळावे,
लंडनमधील एक मराठी मतदार