शब्द आणि त्याची संगत

आमच्या गांवाचें नांवच वाटसरूस कोड्यांत घालणारें आहे. पोहरा म्हणजे विहिरींतून पाणी काढण्याचें भांडें. पोहरा म्हणजे अमरावतीनजीकचें जंगलही. आणि पोहरादेवी तर वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यांत, संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें बंजारा समाजाचें तीर्थ. रामनवमीच्या यात्रेस निघालेल्या परगांवच्या मनुष्यानें हातांतील यंत्रास नुसतें ‘पोहरा’ विचारलें, तर त्या बिचाऱ्यानें काय दाखवावें?

प्रश्न नवा नाहीं. भर्तृहरीनें सुमारें पंधराशें वर्षांपूर्वीं वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडांत अनेकार्थ शब्दाचा अर्थ ठरविणारीं कारणें मोजून दिलीं आहेत. संयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, शेजारचा शब्द, औचित्य, देश, काल, शब्दाचें लिंग हीं त्यांतलींच. वर्गांत आम्ही ‘सैंधव’ हें उदाहरण देत असूं : पानावर बसलेला मागतो तें मीठ, प्रवासास निघालेला मागतो तो घोडा. गूगल या शोधयंत्राच्या कर्त्यांनीं भर्तृहरि वाचला असेल असें वाटत नाहीं. पण निघाले मात्र त्याच वाटेनें. २०१९ च्या ऑक्टोबरांत त्यांनीं ‘बर्ट’ नांवाची पद्धति शोधाच्या कामीं लाविली, आणि डिसेंबरांत ती मराठीसह सत्तरांहून अधिक भाषांस लागू केली. तिचें शिक्षण आम्हां मास्तरांच्या ओळखीचें आहे. वाक्यांतील एखादा शब्द झांकावयाचा आणि मागचेपुढचे शब्द पाहून तो ओळखावयास लावावयाचें. गाळलेल्या जागा भरा, दुसरें काय! यंत्र प्रत्येक शब्द अंकांच्या मालिकेंत मांडतें, आणि शेजारी बदलले कीं ती मालिकाही बदलते. आपण कोणत्या ठिकाणाहून विचारतां हेंही तें पाहतें. भर्तृहरीचा ‘देश’ तो हाच.

आतां ‘वार’ हा शब्द घ्या. सोमवार हा वार, तलवारीचा वार, कापडाचा वार; आणि गाय व्याल्यावर पडते ती वार. पहिले तिन्ही पुल्लिंगी, शेवटचा तेवढा स्त्रीलिंगी. गाय रात्रीं व्याली आणि बारा तास लोटले तरी वार पडली नाहीं, तर ती हातानें न ओढतां पशुवैद्यास बोलाविलें पाहिजे. अशा वेळीं घाबरलेल्या मुलानें नुसतें ‘वार’ लिहिलें तर त्याच्यापुढें पंचांग यावयाचें. ‘गायीची वार पडली नाही’ असें लिहिलें तर ‘गायीची’ हा शेजारी आणि ‘पडली’ हें स्त्रीलिंगी रूप मिळून अर्थ बहुतेक ठरवितात.

बहुतेक म्हणण्याचें कारण आहे. यंत्र शिकतें तें लिहिलेल्यावरून; जो अर्थ पुष्कळांनीं लिहिला तो तेथें बळावतो. दिनवाराविषयीं लिहिणारे उदंड, गोठ्यांतल्या वारेविषयीं लिहिणारे थोडे. ‘तांडा’ म्हटलें कीं पुस्तकी मराठींत व्यापाऱ्यांचा काफिला डोळ्यांपुढें येतो, आमच्याकडे मात्र ती बंजाऱ्यांची नांदती वस्ती. ती बोलतें पुष्कळ, लिहितें कोण?

आपल्या भागांतील असे दुहेरी अर्थाचे शब्द वाचकांनीं पुऱ्या वाक्यासह कळविल्यास पुढील अंकीं त्यांचा विचार करूं.