औषधनिर्माते घडवताना: प्रमाणपत्र आणि सद्सद्विवेक



बारावीचा निकाल हाती आला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांतील अनेक घरांत डी. फार्मसीचा विषय निघतो. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, पुढे स्वतःचे मेडिकल आणि घराला आधार, असा पालकांचा सरळ हिशेब असतो. त्यात गैर काहीच नाही. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ११ लाख ७७ हजार होती आणि तीतील बहुतांश खेड्यांत राहते. खेड्यातील रुग्णाला डॉक्टरांच्या आधी मेडिकलवालाच भेटतो. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. औषधनिर्मात्यांची गरज आता वाढणारच आहे.

महाविद्यालयांची वाण मात्र पडणार नाही. भारतीय औषधनिर्माणशास्त्र परिषदेने २०१९ साली नव्या संस्थांवर पाच वर्षांची बंदी घातली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टिकू दिली नाही. पदविकाधारकांची गुणवत्ता तपासण्यासाठी निर्गम परीक्षाही आली व ऑक्टोबर २०२४ मध्ये ती प्रथमच घेण्यात आली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि परीक्षेने ज्ञान तपासता येते, सद्सद्विवेकबुद्धी तपासता येत नाही.

आम्ही हे का म्हणतो? पदविका मिळवलेला तरुण पुण्यात वा मुंबईत दुसरीच नोकरी करतो आणि त्याचे नोंदणी प्रमाणपत्र गावाकडच्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेले असते. मालक त्याला दरमहा रक्कम देतो आणि औषध देतो तो दुकानातला शिकाऊ मुलगा. या व्यवहाराला सगळेच 'प्रमाणपत्र भाड्याने देणे' म्हणतात आणि त्यात कोणालाही पाप दिसत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ नोंदणीकृत औषधनिर्मात्याशिवाय इतर कोणी चिठ्ठीवरील औषध देणे हा गुन्हा मानते, हेही आपण विसरून गेलो आहोत.

याची किंमत कोण मोजतो? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात विषारी खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील काहींनी नागपूरच्या रुग्णालयांत प्राण सोडले. बाटलीतले विष दुकानदाराच्या डोळ्यांना दिसत नाही, हे खरे. दोष प्रथम कारखान्याचा आणि देखरेख करणाऱ्यांचा. परंतु त्या औषधातील मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच दिला होता. 'बाळाचे वय किती?' हा एक प्रश्न विचारणारा आणि बॅच क्रमांक टिपून ठेवणारा प्रशिक्षित माणूस फळीमागे हवा, तो एवढ्यासाठी.

श्रद्धाधिष्ठित शिक्षणाचा अर्थ आम्ही येथे शोधतो. तासाच्या आरंभी प्रार्थना म्हटली की शिक्षण ख्रिस्ती होत नाही. बेनसिराच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय सांगतो की औषधी देवाने भूमीतून निर्माण केल्या आणि औषध सिद्ध करणाऱ्याच्या हातून देवाचेच कार्य पुढे चालते. दयाळू शोमरोन्याने जखमांवर तेल व द्राक्षारस स्वतः ओतला. त्याने आपले नाव देऊन दुसऱ्याला पाठवले नाही. २९ ऑक्टोबर २००७ रोजी कॅथलिक औषधनिर्मात्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेसमोर बोलताना पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी औषधनिर्माता हा डॉक्टर व रुग्ण यांच्यातील दुवा असल्याचे सांगितले होते. दुवाच जागेवर नसेल तर काय जोडले जाणार?

हा विवेक केवळ ख्रिस्ती माणसाकडे असतो, असा आमचा दावा नाही. हा जिल्हा नामदेवांच्या नर्सीचा आहे. येथे रात्री-अपरात्री दुकान उघडून गरिबाला औषध देणारे सर्व धर्मांचे लोक आहेत. आमच्या मुलांनी त्यांच्याकडूनही शिकावे.

फी भरताना घेतलेले कर्ज डोक्यावर असताना भाड्याचा पैसा नाकारणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणूनच नुसता उपदेश पुरेसा नाही. औरंगाबाद धर्मप्रांतातील अशा छोट्या, विखुरलेल्या धर्मग्रामांनी गरजू विद्यार्थ्याच्या फीला हातभार लावावा. अभ्यासक्रमानंतरच्या ५०० तासांच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी त्याला सचोटीचे दुकान वा रुग्णालय शोधून द्यावे. दवाखान्यांत आयुष्य वेचलेल्या धर्मभगिनींशी त्याची भेट घडवावी.

आणि पालकहो, पदविका हाती आल्यावर मुलाला पहिला प्रश्न पगाराचा विचारू नका. 'तुझे प्रमाणपत्र जेथे टांगले आहे, तेथे तू स्वतः उभा असशील ना?' एवढेच विचारा. त्याचे उत्तर 'हो' आले, तर त्याचे शिक्षण सार्थकी लागले असे आम्ही समजू.