घडी कोणी मोडायची?

परवा घरी एक खुर्ची मागवली. खोक्यावर ठसठशीत मराठीत छापलं होतं, 'दुमडण्यायोग्य आसन'. लिफ्टवरच्या 'उद्वाहन'शी मी मागे याच जागी अख्खा लेख भांडलो होतो, त्यामुळे बायको म्हणाली, "झालं, मिळाला या आठवड्याचा विषय."

अहो, घडीची खुर्ची म्हणा ना! मंडपवाले टेम्पो भरून आणतात, बंद करताना बोट सापडलं की कार्यालयभर ऐकू जातं, तीच ती. दुमडतो तो पुस्तकाच्या पानाचा कोपरा. घडी घालायची तर काठाला काठ जुळवावा लागतो.

घडीच्या पोळीचंच बघा. लाटी पुरीएवढी लाटायची, तेलाचं बोट फिरवायचं, पीठ भुरभुरायचं. मग अर्धी घडी, तिची पुन्हा अर्धी, आणि तो त्रिकोण लाटून गोल करायचा. जमली तर तव्यावर फुगते आणि पदर सुटतात. पानात वाढली की घडी कुठे दिसत नाही, नाव मात्र तिचंच. खुर्चीवर बसलो की तिची घडी तरी कुठे दिसते?

पण घडीचा खरा मान साडीला. नवी साडी आधी दुसरीला नेसायला द्यायची, म्हणजे घडी मोडायला द्यायची, ही आपल्याकडची जुनी माया. उलट घडी मोडली नाही, तर तीच साडी आहेरात गावभर फिरते. आमच्या एका काकूंकडे अशी एक मोरपंखी साडी आहे. त्यांनी ती भाचीच्या लग्नात दिली होती. मध्ये कोणाकोणाकडे हिंडली देव जाणे, गेल्या वर्षी वास्तुशांतीला काकूंनाच परत मिळाली. पिशवी नवी, घडी मूळचीच. फक्त घडीवरचा रंग जरासा उडालेला.

काकूंची पैठणीही तशीच कपाटात. मलमलीत गुंडाळलेली, पण अधूनमधून काढून घडी बदलायला हवी, नाहीतर त्याच रेषेवर जर तुटते. मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "बदलते की दर दिवाळीत. नेसत नाही एवढंच."

"का?"

"नणंदेनं घडी मोडायची ठरलं होतं."

"मग?"

"ती म्हणते, वहिनी, तुम्हीच मोडा. आता मी आधी नेसले तर म्हणेल, बघा, राहवलं नाही!"

नणंदबाई पुढच्या महिन्यात मुंजीला येताहेत. काकूंनी ब्लाउज दोघींच्या मापाचे शिवून घेतलेत.