आकाश मोकळे, तिकीट लहरी

रायपूरच्या तात्यापाऱ्यात लग्नाची बोलणी पक्की झाली की हल्ली मुहूर्तापाठोपाठ दुसरा प्रश्न निघतो, "विमानाचं तिकीट कधी काढायचं?" मुलगा मुंबईला, मामा पुण्याला आणि कार्य रायपुरात. जुन्या पिढीला हा प्रश्न ठाऊकच नव्हता. हावडा-मुंबई मार्गावरच्या गाडीत दशम्या-चटणीचा डबा घेऊन बसायचे आणि जवळजवळ अख्खा दिवस प्रवासात काढायचा, हे ठरलेलेच. विमान हे साहेबलोकांचे वाहन. मानाचा विमानतळ शहराजवळ असूनही मध्यमवर्गीय कुटुंबाला दूरच होता.

हे चित्र पालटले ते सरकारने आकाशावरचे कुलूप काढल्यामुळे. १९५३ च्या कायद्याने विमानसेवेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सच्या हाती गेली. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे तिचीच मक्तेदारी होती. भाडे ठरलेले, पण महाग. १९९४ मध्ये हा कायदा रद्द झाला. खासगी कंपन्यांना रीतसर परवाने मिळाले, भाडे ठरवण्याची मुभाही मिळाली. ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कन आली. आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन' हेच तिचे बोधचिन्ह होते. त्या चौकड्याच्या कोटातल्या गृहस्थाला खरोखरच विमानात बसता येईल, यावर तेव्हा किती जणांचा विश्वास बसला असेल! पण तो बसला. आज तात्यापाऱ्यातल्या आजीही नातवंडांना भेटायला विमानाने जातात.

मग तक्रार कसली? तक्रार आहे ती भावाच्या लहरीपणाची. एकाच विमानातल्या जागा कंपन्या वेगवेगळ्या भावांच्या गटांत विभागतात. स्वस्त गट आधी संपतो, मग पुढचा उघडतो. दिवस जवळ येईल आणि मागणी वाढेल तसा संगणक भाव चढवत नेतो. त्यामुळे शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांनी मोजलेल्या रकमेत दुपटीचाही फरक असू शकतो.

सहा महिने आधी ठरलेल्या लग्नाला ही पद्धत फायद्याची. पण रात्री फोन खणखणतो, "बाबांना अतिदक्षता विभागात ठेवलंय, लगेच निघ." तेव्हा मुलगा भाव पाहत बसत नाही, मागतील तेवढे मोजतो. थोडक्यात, मुक्त बाजाराने सवडीने जाणाऱ्याला सवलत दिली आणि तिची किंमत अडलेल्याकडून वसूल केली. जुने तिकीट महाग होते, पण ते अडचण पाहून वाढत नव्हते.

स्पर्धा असली की भाव आटोक्यात राहतात, हे खरे. पण स्पर्धक टिकले पाहिजेत. ईस्ट-वेस्ट, दमानिया आणि मोदीलुफ्त नव्वदच्या दशकातच दिसेनाशा झाल्या. २०१२ मध्ये किंगफिशर, एप्रिल २०१९ मध्ये जेट आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली. २०२५ मध्ये देशांतर्गत दहांपैकी सहाहून अधिक प्रवासी एकट्या इंडिगोने जात होते. त्याच वर्षी डिसेंबरच्या सुरुवातीला, वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांप्रमाणे पुरेशी तयारी नसल्याने, या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. इतरांचे भाव गगनाला भिडले. अखेर सरकारनेच भाड्यावर तात्पुरती मर्यादा घातली. ५०० ते १००० किलोमीटरसाठी १२,००० रुपये, कर आणि शुल्क वेगळे. रायपूर-मुंबई हवाई अंतर याच टप्प्यात येते. भाव बाजारावर सोडणाऱ्या सरकारला संकटात पुन्हा भाव ठरवावा लागला.

छोट्या गावांची कथा वेगळी. रायपूरला राजधानीचा मान आहे, प्रवासी आहेत. म्हणून विमानेही आहेत. जगदलपूरचे तसे नाही. 'उडान' योजनेखाली जून २०१८ मध्ये तिथे सेवा सुरू झाली आणि काही महिन्यांतच बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली सप्टेंबर २०२० मध्ये, तीही सरकारी मालकीच्या अलायन्स एअरमुळे. अमेरिकेनेही १९७८ मध्ये भाडे आणि मार्ग कंपन्यांवर सोपवले, तेव्हा लहान गावांची सेवा तुटू नये म्हणून सरकारी अनुदानाची सोय केली. नफा नसेल तिथे बाजार आपणहून जात नाही, हा अनुभव दोन्हीकडचा.

म्हणून पुन्हा कुलूप लावावे, असे कोणी म्हणणार नाही. पण गंभीर आजार किंवा मृत्यूच्या प्रसंगी भाड्याला कायमची मर्यादा असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. तोवर घरोघरी एवढे तरी ध्यानात ठेवावे. कार्य ठरले की तिकीट लगेच काढावे. कंपनीनेच उड्डाण रद्द केले, तर पर्यायी विमान किंवा पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क सोडू नये. आणि घरात वडीलधारी माणसे असतील तर औषधपाण्याबरोबर अचानकच्या प्रवासासाठीही थोडी शिल्लक बाजूला ठेवावी. लग्नाची तारीख आपण ठरवतो, दुखण्याची नाही.