कोल्ह्याने उत्तर द्यावे, जवळ येऊ नये

हाक देऊन कोल्ह्यांचा माग घेण्याचे तंत्र शिकायला निघालेल्या नवख्याच्या हाती मोबाइलवर सर्वांत आधी लागते ते अमेरिकेतल्या कोयोट या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या शिकाऱ्यांचे साहित्य. जखमी सशाची किंकाळी, पिल्लाचे केकाटणे, वारा तोंडावर घेऊन बसायची जागा, सगळे तपशीलवार. त्या विद्येचा शेवट बंदुकीच्या टप्प्यात होतो, तेव्हा जनावर जितके जवळ येईल तितका शिकणारा पास. (तिथेही सगळे आलबेल नाही. बक्षिसांसाठी कोयोट मारण्याच्या स्पर्धांवर कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये आणि न्यू मेक्सिकोने २०१९ मध्ये बंदी घातली.) उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या वनरक्षकाने किंवा हौशी अभ्यासकाने हीच कसोटी उचलली, तर कायद्याचा घोटाळा होतो आणि मोजणीचाही. आमचे मत या कसोटीच्या नेमके उलट आहे. कोल्हा जवळ आला तर त्या रात्रीचे काम बिघडले असे धरावे. तो होता तिथूनच बोलला तर साधले.

मुळात दोन आवाजांत फरक करायला हवा. सशाची किंकाळी ऐकून कोल्हा येतो तो पोटासाठी. कोल्हेकुई ऐकून तो उत्तर देतो ते आपली हद्द सांगण्यासाठी, आणि ते उत्तर बसल्या जागेवरून देता येते. कायद्यापुढेही हा फरक महत्त्वाचा आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आपल्यातल्या पुष्कळांना वाटते त्यापेक्षा रुंद आहे. ठार मारण्यापुरती ती थांबत नाही; पकडणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे तिच्यात बसते. २०२२ च्या दुरुस्तीने कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला आणि अभयारण्यात कोणत्याही वन्यप्राण्याला छेडायला कलम २७ ची मनाई आहेच. तेव्हा भक्ष्याचा आवाज, तो तोंडाने काढलेला असो की स्पीकरवरचा, आमच्या लेखी आमिषच आहे आणि पाहणीत त्याला जागा नाही. कोल्हेकुईची ध्वनिफीत वाजवायची तीही वनविभागाच्या लेखी परवानगीने. ‘आम्ही कुठे मारतो, फक्त फोटो काढतो’ हा बचाव ऐकून कान किटले आहेत.

पण कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मोजणीचा उरतो, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. ग्रीसमधल्या कोल्ह्यांची जी पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, ती ठरावीक ठिकाणांवरून कोल्हेकुई वाजवून आणि मिळालेल्या उत्तरांची नोंद करून झाली. या पद्धतीचा सगळा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: जनावर जिथून बोलले तिथे ते राहते. ते आवाजाकडे चालत आले की हे गृहीतक कोसळते. एकच टोळी पहिल्या ठिकाणी मोजली जाते आणि मागोमाग येऊन पुढच्या ठिकाणीही मोजली जाते. किंवा गुपचूप येऊन गणकाकडे पाहत बसते आणि कागदावर शून्य पडते. बांगलादेशातल्या कोल्ह्यांवरच्या १९९६ च्या अभ्यासात तर असे दिसले, की ऋतू बदलला की प्रतिसादाचा प्रकारच बदलतो. कधी ते ओरडून उत्तर देतात, कधी आवाजाच्या अंगावर चालून येतात. त्यामुळे माघातले आकडे आषाढातल्या आकड्यांशेजारी मांडून ‘कोल्हे घटले’ अशी बातमी देणे म्हणजे शुद्ध थाप आहे. नवख्याची आणखी एक चूक नेहमीची. तीन कोल्हे एकत्र कुई करू लागले की दहा-बारा असल्यासारखे वाटते. म्हणून डोकी मोजू नयेत, टोळ्या मोजाव्यात.

उमरखेडचा मुलूख या कामाला अवघड आहे, आणि तो का अवघड हे समजले की वर सांगितलेली शिस्त कशासाठी तेही समजते. बिटरगाव-कोरट्याकडचे सागाचे रान उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण होते. तेव्हा आवाज दूरवर जातो, पण पाऊल टाकले की पाचोळा वाजतो आणि गणकच आधी ऐकू येतो. पावसाळ्यात तेच रान आवाज गिळते, आणि सहस्रकुंडाच्या आसपास धबधब्याच्या गर्जनेपुढे दुसरे काही ऐकूच येत नाही. हिवाळ्यातल्या निवांत रात्री गार हवा जमिनीलगत बसते आणि पैनगंगेपलीकडच्या नांदेडच्या हद्दीतली कुई अलीकडच्या नाल्यातली वाटते. अशा वेळी एकट्याने कान देऊन भागत नाही. दोघांनी अंतर ठेवून उभे राहावे, होकायंत्रावर दिशा टिपावी आणि दोन्ही रेषा नकाशावर जिथे छेदतील ती जागा धरावी. त्यात पोफाळीच्या साखर कारखान्याच्या भोवतालचा ऊस. उभ्या उसात कोल्ह्याला आडोसा, उंदीर, सगळे मिळते. तोड झाली की त्याला दुसरीकडे सरकावे लागते. शिवाय स्पीकर लावला की कोल्ह्याआधी तांड्यावरची कुत्री जागी होतात. ती आवाजाच्या रोखाने धावत आली तर पिसाळण्याचा आणि डिस्टेंपरचा रोग जिथे नको तिथे पोहोचण्याची भीती. आणि हे बिबट्याचे रान आहे. अंधारात जमिनीवर बसून सशासारखे किंचाळणारा माणूस कुणाला बोलावतो आहे, याचा त्याने विचार केलेला बरा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की कॅमेरा ट्रॅप असताना हा खटाटोप कशाला? कॅमेरे लागतात वाघासाठी, जंगलवाटांवर. कोल्हा राहतो बांधावर, उसात, गावाच्या उकिरड्याशी, आणि तिथे लावलेला कॅमेरा सकाळी जागेवर सापडेल याची हमी कोणी देत नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणाऱ्या प्राणीगणनेतही पाणवठ्यावर येतो तेवढाच कोल्हा दिसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ध्वनिफीत वाजवणे हाच त्रास, मग ती कितीही शिस्तीत वाजवा. १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेल्या रानपिंगळ्याच्या शोधात पुढे हेच तंत्र संशोधकांच्या कामी आले, आणि एका फोटोसाठी तोच आवाज पुन्हापुन्हा वाजवण्याचा मोह किती घातक हे पक्षिमित्रांना वेगळे सांगायला नको. म्हणून आमचा आग्रह मात्रेवर आहे. आधी नुसते ऐकावे. कोल्हे आपणहून बोलले तर स्पीकर पिशवीतच राहू द्यावा. वाजवायचेच तर अर्ध्या मिनिटाची फीत, मग शांतता, फार तर आणखी एकदा, आणि उत्तर येताच बंद. पिल्लांच्या दिवसांत, बिळाच्या आसपास, मुळीच नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी लांडग्यांच्या हुंकारांतून एकेक जनावर ओळखता येते असे २०२१ मध्ये दाखवले, ते महाराष्ट्रातल्या रानांत केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या आधारे. कोल्ह्याच्या बाबतीत तो पल्ला अजून लांब आहे, पण त्यासाठी लागणारी ध्वनिमुद्रणे रात्री रानात असणारा वनरक्षक आजपासून जमवू शकतो, एकदाही फीत न वाजवता.

तोवर नोंदवहीत निदान चार रकाने वाढवावेत: वाऱ्याची दिशा, कुत्री भुंकली का, लगतच्या उसाची तोड झाली का, आणि कोल्हा स्वतःहून बोलला की हाकेला. उत्तर आले नाही तर ‘कोल्हा नाही’ असे लिहू नये. ‘उत्तर नाही’ असे लिहावे आणि त्याच ठिकाणी, त्याच ऋतूत, पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहावे.